पाठीतलं बिऱ्हाड

आईच्या पाठीतली नळी काढायला डॉक्टर यांग आले, तर आई म्हणाली, "आज नाही. देव अजून घरी आहेत."

डॉक्टर हसले. ते आमच्या जेजू बेटावरचेच, त्यांना लगेच कळलं. शेजारी ट्रे धरून उभी असलेली सिस्टर मेंग मात्र समुद्रापलीकडची, सोलची. बेटावर येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. तिनं आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ही बाई औषधानं बरळतेय का, असं.

"शिनगुगान," मी म्हणालो. "परवा सुरू होतंय."

"ते घर बदलायचं ना? मलाही खोली सोडावी लागतेय त्यात, मालकीण ऐकत नाहीये. पण त्याचा नळीशी काय संबंध?"

काय सांगणार. थंडी सरता सरता आमच्याकडे एक आठवडा असा येतो की जुने देव काम संपवून वर गेलेले असतात आणि नवे अजून खाली उतरलेले नसतात. एरवी चुलीला देव, उंबऱ्याला देव, संडासाला तर देवी, तीही भलती तापट. भिंतीत खिळा ठोकला तरी कुणाला ना कुणाला लागतो, आणि मग घरातलं माणूस आजारी पडतं. म्हणून जे काही खणायचं, पाडायचं, बुजवायचं, हलवायचं, ते त्या आठवड्यात. अख्खं बेट बिऱ्हाड बदलतं. मी सामान हलवायचा टेम्पो चालवतो, त्यामुळे त्या दिवसांत मला जेवायलाही उसंत नसते.

आईचं म्हणणं सरळ होतं. तिच्या पाठीला भोक पाडलंय. ते आता बुजवायचंय. मग ते देव नसतानाच बुजवायला हवं.

"भोक पाडताना कुणाला विचारलं नाहीत, ते झालं," ती डॉक्टरांना म्हणाली. "तेव्हा मला श्वास घेता येत नव्हता, मी काय बोलणार. पण बुजवताना तरी रीत पाळा."

"मावशी, ही पाठ आहे. भिंत नाही," सिस्टर मेंग म्हणाली.

"पोरी, आत कुणी राहतं ना? मग घरच."

भोक पाडलं त्याचं असं झालं. आई संत्र्यांच्या शेडमध्ये स्टुलावरून पडली आणि तिच्या बरगड्या मोडल्या. डाव्या बाजूच्या, ओळीनं. खोकला आला की ती डोळे पांढरे करायची. खोकली नाही तर छातीत कफ साठणार आणि खोकली तर जीव जाणार, अशी गत. मग डॉक्टर यांगनी पाठीच्या कण्याशी एक नळी घातली, शिवायच्या दोऱ्याएवढी बारीक. एपिड्युरल म्हणतात. नळी खांद्यावरून पुढे आणून चिकटवलेली आणि पलंगाच्या खांबाला पंप, त्यातून थेंब थेंब औषध. तासाभरात आई खोकली आणि वर मला म्हणाली, "असा काय बघतोस? पाणी दे."

नळीनं तिला वाचवलं, यात वादच नाही. पण डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ही पाहुणी आहे, वेळेत गेलेली बरी. जास्त दिवस राहिली तर त्याच वाटेनं जंतू आत शिरतात. आणि आईला साखर.

आई अडून बसली त्या दिवशी डॉक्टरांनी पट्टीवरून नळीचं तोंड बघितलं. आई विजेच्या गरम गादीवर झोपायची, पाठीला घाम यायचा, पट्टीची एक कड सुटली होती. सिस्टरनं ती बदलली.

"खोकताना अजून दुखतं?"

"दुखतं की."

"बरं. देव गेले की काढू," डॉक्टर म्हणाले. "पण ताप आला, पाठ दुखली, पाय जड झाले, तर देव असोत नसोत, लगेच सांगायचं."

आई खूश झाली. शेजारच्या पलंगावर बू सामचुन होत्या. सामचुन म्हणजे आमच्याकडे कुठलंही वडीलधारं माणूस, बाई असो की बाप्या. यांचं खुब्याचं हाड मोडलेलं, वय नव्वदीकडे झुकलेलं, कान मात्र ससाण्याच्या डोळ्यासारखे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"देव गेले म्हणजे रागवायला कुणी नाही, ते खरंय," त्या छताकडे बघत आईला म्हणाल्या. "पण मग राखायला तरी कोण असतं गं, चुन-ओक?"

"तुम्ही आहात की, सामचुन."

"मला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होता येत नाही, आणि मी तुझं दार राखू?"

सगळे हसले. मीसुद्धा.

देव गेले त्या सकाळी नळी निघाली. सिस्टर मेंग त्या दिवसापासून सुट्टीवर होती, तिच्या मालकिणीनं शेवटपर्यंत ऐकलं नाही. दुसऱ्याच कुणी सिस्टरनं पट्टी काढली, डॉक्टरांनी नळी ओढली, सुळकन आली. मी बघितलं. भोक असं दिसतही नव्हतं. लाल ठिपका, त्याच्याभोवती गुलाबी कडं, कुंकू फिसकटावं तसं. डॉक्टर जरा वेळ बघत राहिले, बोटानं दाबलं.

"दुखतं?"

"नाही. बुजवलंत ना नीट?"

"बुजवलं."

पंप खांबावरून निघाला. मी कामावर गेलो. त्या दिवशी बेटावर असं होतं की जिकडे तिकडे ठोकाठोक. कुणी संडास बांधतंय, कुणी छप्पर उतरवतंय, कुणी बापाची कबर दुसऱ्या टेकडीवर नेतंय. काळ्या दगडांच्या कुंपणांमधून बिऱ्हाडं निघालेली. दरवर्षी बघतो, पण रिकाम्या घराचं मला अजूनही कसंतरी होतं. शेवटची खुर्ची टेम्पोत चढली की घराचा आवाज बदलतो. तुम्ही बोललेलं घर ऐकत नाही, नुसतं परत फेकतं.

संध्याकाळी आईकडे गेलो. ती समुद्री शेवाळाचं सूप बाजूला सारून बसली होती.

"तेग्युन, पाठीत कुणीतरी शेगडी आणून ठेवलीय."

"गादी बंद कर मग."

"गादी बंदच आहे. भोकाच्या आत. मध्यभागी. चांगली धगधगतेय."

मी हसलो नाही. आमच्याकडे नव्या घरात पहिली आत जाते ती शेगडी. मग तांदूळ. मग बाकीचं सामान. रोज माझ्याच हातांनी करतो ते.

मी सिस्टरला सांगितलं. तिनं थर्मामीटर लावला, ताप होता, फार नाही. गोळी दिली. बरगड्या मोडल्यावर येतो थोडा, म्हणाली. डॉक्टर यांग? तेही घर बदलतायत, पण फोनवर कळवते. रात्रीच्या डॉक्टरांनी रक्त घेतलं. म्हणजे कुणी काही केलं नाही असं नाही.

दुसऱ्या दिवशी शेगडी विझलेली नव्हती. आणि ठोकाठोक सुरू झाली होती.

"वरच्या मजल्यावर काम काढलंय," बू सामचुन म्हणाल्या. "दवाखानासुद्धा शिनगुगान सोडत नाही. कपाटं हलवतायत."

"वरचं वेगळं," आई म्हणाली. "ते मला कळतं. हे आतलं. खिळे मारतायत. एक खिळा मारला की बरगडीवरून पुढे पोटापर्यंत झिणझिणी येते. बघ, आता मारला. बघ."

आणि वर काहीच वाजत नव्हतं. मी कान देऊन ऐकत होतो. ती म्हणायची "आता", आणि तिचा गाल उडायचा, आणि खोलीत टाचणी पडल्याचाही आवाज नसायचा.

"कोण आहेत पण?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. तिच्या बोलण्यात असं काही होतं की तेच विचारावंसं वाटलं.

"तोंड दाखवत नाहीत. पाठमोरे काम करतात. नवराबायको असावेत. बायको हळू बोलते."

"मग हाकल की."

"आपणच दार उघडं ठेवलं ना. माणूस आत आलं की ओरडायचं नसतं."

त्याच्या पुढच्या दिवशीचं सांगतो. सकाळी मी एका म्हाताऱ्या जोडप्याचं सामान हलवत होतो. त्यांचं कपाट दारातून जाईना. आरसेवालं जुनं कपाट, एका कोपऱ्याला तडा. आम्ही उभं घातलं, आडवं घातलं, शेवटी आरसा वर करून तिरकं घुसवलं तेव्हा गेलं. दुपारी आईकडे आलो. अजून बूटही काढले नव्हते. ती डोळे मिटून म्हणाली, "त्यांना सांग, आरसा वर करा म्हणावं. नाहीतर नाही जाणार ते आत."

माझ्या हातातली पेजेची वाटी खाली ठेवायला जागा सापडेना.

"काय म्हणालीस?"

"कपाट. किती वेळ दारात अडकवून ठेवलंय. माझ्या पाठीला टोचतंय ना."

तापात माणूस काहीही बोलतं. माझ्या कपाटांच्या गोष्टी ती वर्षानुवर्षं ऐकतेय. सगळं खरं. तरी मी त्या दिवशी तिच्या पाठीमागे गेलो नाही. पाठ बघायला हवी होती, पट्टी उचलून. नाही बघवलं. तिला पाणी पाजलं, समोरून. आणि जाताना बू सामचुननी मला नुसती मान हलवून जवळ बोलावलं.

"तिचं ऐकू नकोस," त्या कुजबुजल्या. "आणि दुर्लक्षही करू नकोस."

"मग काय करू?"

"मी काय डॉक्टर आहे?"

मी पुन्हा सिस्टरांच्या टेबलाशी गेलो. पाठ दुखतेय म्हणालो, ताप उतरत नाहीये म्हणालो. बिऱ्हाडाचं बोललो नाही, कोण ऐकणार. रक्ताचा रिपोर्ट वाईट आला होता, दुसरं औषध चालू केलं होतं, छातीत कफ झालाय का ते बघत होते. सगळे छातीकडे बघत होते. बरगड्या मोडलेल्या बाईला ताप, म्हणजे छाती.

शिनगुगानचा शेवटचा दिवस. दुपारी मी दोन खेपांच्या मध्ये दवाखान्यात आलो. बाहेर लख्ख ऊन आणि सोसाट्याचा वारा. आई पडून होती, चेहरा लाल, पण शांत. पहिल्यांदाच शांत.

"ये. बूट बाहेर काढ," ती म्हणाली. "त्यांनी आत्ताच पुसून घेतलंय."

"दुखत नाहीये का?"

"नाही आता. सामान लागलं. मला म्हणाले, पाय वर घ्या जरा, चटई घालायचीय. म्हणून मांडी घालून बसलेय."

मी पांघरुणाकडे बघितलं. ती सरळ आडवी होती. पांघरुणाच्या टोकाला तिची दोन पावलं उभी होती, तंबूच्या खुंट्यांसारखी.

"आई, तू झोपलीयेस."

"काहीतरीच. हे काय, गुडघ्यावर हात आहे माझा."

तिचा हात गादी थोपटत होता. रिकामी गादी.

मी पांघरूण काढलं. पाऊल धरलं. गार नव्हतं, काही नव्हतं, पाऊलच होतं, टाचेला भेगा पडलेलं आईचं पाऊल. अंगठा दाबला. चिमटा काढला. नखं रुतवली.

"आई, काही होतंय?"

"कुठे?"

"पायाला."

"पाय मी जवळ घेतलेत म्हटलं ना. तू कुणाचे धरलेस?"

बू सामचुन मागून म्हणाल्या, "पोरा, सकाळपासून ती लघवीलाही गेली नाही. पोट बघ तिचं."

मी धावलो. टेबलाशी सिस्टर मेंग होती. आठवड्यानं परत आलेली, तेवढ्यातच कामावर चढलेली, तोंडात पिन धरून केस बांधत होती.

"सिस्टर, आईचे पाय गेले."

"अहो, गेले काय. शांत व्हा." तिनं पिन खोचली. "एपिड्युरल चालू असलं की पाय बधिर होतातच. औषध जास्त जात असेल. पंप कमी करू, तासाभरात येतील पाय."

"कुठला पंप?"

"पाठीतल्या नळीचा."

"नळी काढली. देव गेले त्याच दिवशी काढली. सिस्टर, नळी नाहीचये!"

ती माझ्या पुढून निघाली, चालत, मग पळत. खोलीत शिरल्या शिरल्या तिनं पलंगाचा खांब बघितला. आकडा रिकामा. तिनं आईला कुशीवर वळवलं, पट्टी सोलली. मी या वेळी बघितलं. ठिपक्याच्या जागी पिवळा थेंब होता, आणि तिनं बाजूला बोट टेकवल्याबरोबर तो मोठा झाला. आतून कुणी ढकलावं तसा.

"मावशी, पायाची बोटं हलवा."

"हलवतेय की," आई म्हणाली.

काही हललं नाही.

त्यानंतर जे झालं ते इतक्या घाईनं झालं की माझ्या लक्षात तुकडेच आहेत. सिस्टर मेंग फोनवर कुणावर तरी ओरडत होती, "नाही, रांग नाही, आत्ता!" मशीनचा फोटो. डॉक्टर यांग धावत आले, पॅंटला रंगाचे डाग. त्यांच्याबरोबर पाठीचे सर्जन. त्यांनी मला फोटोत दाखवलं. कण्याच्या आत मज्जारज्जू, तो काळा दिसत होता, आणि त्याला बाजूला रेटून बसलेलं पांढरं काहीतरी, लांबट, आरामात.

"पू आहे," सर्जन म्हणाले. "नळीच्या वाटेनं जंतू आत गेले. मज्जारज्जू दाबला गेलाय. आत्ता पाठ उघडून साफ करायला हवं. जितका उशीर, तितके पाय परत यायची आशा कमी."

"येतील ना पण?"

"आत्ता उघडलं तर शक्यता आहे. एवढंच सांगू शकतो."

डॉक्टर यांग भिंतीकडे बघत उभे होते. मला त्यांना काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. पण रीत सगळ्या बेटाची होती, त्यांचीही आणि आमचीही.

आईला सांगितलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. पुन्हा भोक, पुन्हा मोठं. तिनं मलाच विचारलं.

"तेग्युन, देव परत आले?"

"नाही. आज रात्री उतरतील."

"मग बडबडत काय बसलात!" ती सर्जनवर खेकसली. "ते यायच्या आत घर रिकामं करा. त्यांनी येऊन बघितलं आत परकी माणसं राहतायत, तर मला कुठे ठेवतील?"

सर्जन गोंधळले. डॉक्टर यांगनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या हो म्हणतायत," ते म्हणाले. "चला."

ऑपरेशन झालं. पू निघाला, वाटीभर. महिनाभराहून जास्त काळ शिरेतून औषधं चालायची होती. ताप उतरला, पाठीतली शेगडी विझली. आईनं ठोकाठोकीचं नाव काढलं नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "कोण नवराबायको?"

पण पाय आले नाहीत. रोज सर्जन यायचे, सुईनं टोचायचे. रोज ती नाही म्हणायची. मी पावलांना तेल लावायचो. ती खिडकीकडे तोंड करून पडायची, जणू मी दुसऱ्याच कुणाचे पाय चोळतोय आणि आपण बघणं बरं दिसत नाही.

मग एका दुपारी बू सामचुन ओरडल्या. "चुन-ओक! अगं, अंगठा! हलला तुझा!"

मी बघितलं. उजव्या पायाचा अंगठा. थांबला. पुन्हा हलला, वर, खाली, सावकाश. सिस्टर मेंगनं टाळ्याच वाजवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी. मी आईला मिठी मारायला वाकलो.

आई त्या अंगठ्याकडे टक लावून बघत होती.

"मी नाही हलवला," ती म्हणाली.

सर्जन म्हणाले, असं होतं. मज्जातंतू जागे होताना स्नायू आपोआप उडतात. चांगली खूण आहे. आणि खरंच चांगली खूण होती. दुसरा पाय हलला. गुडघा वाकला. वसंतात ती वॉकर धरून उभी राहिली, संत्र्यांना फुलं आली तेव्हा कॉरिडॉरमध्ये चालली. सगळ्यांनी हातातली कामं टाकून बघितलं.

मीही बघत होतो. माझी आई फताफता चालायची, सगळं पाऊल एकदम टाकून, लांबून कळायचं ती आली. ही बाई आधी चवडा टेकायची. जमीन चाचपायची. मग हळूच टाच. अनोळखी घरात झोपलेल्यांना न उठवता चालावं तसं. डॉक्टर म्हणतात, मज्जारज्जूला इजा झाली की चाल बदलते, बदलणारच. मी मान हलवतो.

एकदा आम्ही दोघंच होतो. ती भिंतीचा आधार धरून थांबली.

"तुला एक सांगू? कुणाला बोलू नकोस."

"बोल."

"उजवा उचलावा असं मी मनात आणते ना, तोवर तो उचललेला असतो."

"म्हणजे बरा होतोय," मी म्हणालो.

"ते होतंच आहे." ती पायांकडे बघत होती, शेजाऱ्याच्या पोरांकडे बघावं तसं, जरा संशयानं, जरा मायेनं. "एकदाही पडू दिलं नाही मला. काल फरशी ओली होती, मला दिसली नव्हती. त्यांना दिसली."

"आई."

"काय आई? चालतायत ना? मग चालू देत."

तिनं भिंत सोडली आणि पुढे निघाली. चवडा, मग टाच. मी मागोमाग गेलो, दोन्ही हात पुढे धरून, आणि कुणाला सावरायचं ते मला नीटसं कळत नव्हतं.